खाडीबाईंची भरती-ओहोटी

मी बांधलेली टाकी गळत नाही. औशापासून लातूरपर्यंत कुणालाही विचारा. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही अर्धी, पण ओळंबा माझ्या डोळ्यात आहे. आणि लातुरात टाकी न गळणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इथं नळ आला की जेवत्या ताटावरून माणूस उठतो. पाहुण्याला अर्धाच तांब्या देतात, आणि पाहुणाही अर्धाच पितो, कारण त्याच्या घरी तीच रीत असते.

अशा गावात एक बाई माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मिस्तरी, टाकी बांधायची आहे. बाजूला, मधल्या उंचीवर भोक ठेवायचं."

मी म्हणालो, "बाई, भोक ठेवायला मिस्तरी लागत नाही. ते आपोआप पडतं."

"तुमच्या टाकीला पडत नाही म्हणतात. म्हणून तर तुमच्याकडं आले. मला माझ्या मर्जीनं उघडणारं भोक पाहिजे, त्याच्या मर्जीनं गळणारं नको."

या बोलण्यावर मी काम धरलं. बाईंचं नाव सुलभा. पण गल्लीत ते नाव कुणी घेतलं असेल तर गॅसवाल्यानं. बाकी सगळे खाडीबाईच म्हणायचे.

त्या कोकणातल्या, खाडीकाठच्या. त्यांचे मालक आमच्या बाजूचे, एसटीत ड्रायव्हर. नोकरी लागली तेव्हा कोकणातला डेपो मिळाला. त्यांची मुक्कामाची गाडी बाईंच्या गावात थांबायची. रात्री थांबता थांबता लग्न झालं, आणि पुढं बदली झाली तशी बाई लातूरला आल्या. मालक बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. मुलगी नांदेडला दिलेली. बाई एकट्या राहायच्या, माझ्या घरापासून दोन दारं सोडून. इतकी वर्षं आमच्यात राहून बोली तिकडचीच ठेवलेली. कुणाही बाईला हाक मारायची तर 'गो' लावायच्या. माशाचं नाव काढलं की डोळे मिटायच्या.

ती टाकी कशासाठी, ते सांगतो. माहेरी भाच्याच्या लग्नाला गेल्या, तेव्हा खाडीच्या काठाला डंपर मुरूम टाकत होते. काठाचं सगळं खारफुटीचं जंगल तोडलेलं. कुणी तोडलं, कशाला तोडलं, ते बाईंनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बापाची एक चिंचोळी पट्टी तेवढी राहिली होती, बांधाच्या आत, भरतीचं पाणी येणारी, पण झाड एकही नसलेली. बाईंनी चिखलात उतरून सापडल्या तेवढ्या बिया गोळा केल्या, ओल्या साडीच्या तुकड्यात बांधल्या आणि एसटीनं लातूरला आणल्या. इथं झाड वाढवायचं, त्याला बी धरलं की ते बी नेऊन त्या पट्टीत लावायचं. एवढंच त्यांचं म्हणणं.

"बाई," मी म्हणालो, "कोकणात तसली झाडं दुसरीकडं नाहीत का? तिथलं बी घ्या, तिथंच लावा. लातूरच्या फेऱ्यात कशाला घालता?"

"आहेत हो. पुष्कळ आहेत. पण ती आमच्या खाडीची नव्हेत."

"झाड ते झाड."

"मग तुम्ही शेजाऱ्याचा नातू का नाही खेळवत? नातू तो नातू."

मला नातू नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण बाईंना बोलताना असं भान राहायचं नाही, आणि मलाही राग धरायला ते बोलणं पुरायचं नाही.

टाक्या दोन बांधल्या. एक वर, ओट्याएवढ्या उंचीची, पसरट. तिच्यात निम्म्याला गाळ भरला. आटलेल्या तळ्यातला गाळ मी स्वतः ट्रॅक्टरनं आणला. गाळाच्या वर चार बोटं ते भोक, त्याला लाकडी बूच. दुसरी टाकी खाली, जमिनीत पुरलेली. बूच काढलं की वरचं पाणी खालच्या टाकीत. ही ओहोटी. बादलीनं ते परत वर भरलं की भरती. पाण्यात खडं मीठ. बाईंनी पहिल्यांदा मीठ आणलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "लोणच्याचा कारखाना काढला का मावशी?"

आणि भरती केव्हा आणायची? घड्याळ बघून नाही, तिथी बघून. पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि मधल्या दिवसांत रोज पाऊण तास उशिरा. त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय उपासासाठी नव्हतं, ते भरतीसाठी होतं. त्यांच्या माहेरच्या खाडीत त्या क्षणी पाणी चढत असेल तर लातुरातही चढलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. हट्टाच्या बाबतीत मी कुणाला मानत नाही, पण इथं मानलं.

"अन् मध्यरात्रीची भरती?" मी विचारलं.

"ती झाडानं समजून घ्यायची. मी म्हातारी आहे, हे त्यालाही दिसतं."

झाडं तीन जातींची होती. बाई मला त्यांच्यापाशी उभं करून सोयरे दाखवावेत तशी दाखवायच्या. एक कांदळ. त्याचं बी जमिनीत रुजत नाही, झाडावर लोंबकळतच त्याला कोंब येतो, शेवग्याच्या शेंगेएवढा लांब होतो आणि मग आईला सोडून चिखलात सरळ रुततो. मोठं झालं की खोडातून मुळ्या बाहेर काढून मांडव घातल्यासारखं उभं राहतं. त्याची साल उकळून लाल पाणी काढायचं आणि त्यात सुताची जाळी बुडवायची, म्हणजे जाळं कुजत नाही. दुसरी चिपी. पान गोल आणि जाड, फळाला खाली चांदणीसारखी पाकळी आणि वर शेपूट. फळ आंबट, त्याची चटणी करतात. तिच्या मुळ्या जमिनीतून वर येतात, जाड, गाजर उलटं रोवल्यासारख्या. त्या कापून तिकडची माणसं जाळ्याला तरंगायला बांधतात, बाटलीला बूच करतात.

"मग या टाकीला चिपीचंच बूच बसवा की," मी म्हणालो.

"आधी चिपी तर जगू द्या."

चिपी जगली नाही. ती माझ्या शेळीनं खाल्ली. दार उघडं होतं, शेळी गेली, आणि शेळीला काही सांगून ठेवता येत नाही. मी माफी मागितली नाही. बाईंनीही मागायला लावली नाही. मात्र ती खारट पानं खाऊन शेळी दिवसभर पाण्यासाठी ओरडत राहिली आणि टंचाईत मला तिच्यापुढं बादली ठेवावी लागली. बाई भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "फिटलं, मिस्तरी."

कांदळ पहिल्याच हिवाळ्यात गेला. आमच्याकडची थंडी त्याला सोसली नाही. बाईंनी शेवटच्या आठवड्यात त्याला रात्रीचं आपलं स्वेटर घातलं होतं. गल्ली हसली. मीही हसलो.

राहिलं तिवर. ते मात्र चिवट निघालं. तिवराचं पान वरून हिरवं तुकतुकीत, खालून राखाडी, जणू पिठात लोळवलेलं. खारं पाणी पितं आणि मीठ पानातून घामासारखं बाहेर टाकतं. आणि त्याच्या मुळ्या चिखलातून वर येतात, बारीक, सरळ, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशा. सगळ्या टाकीभर.

"ही त्याची नाकं," बाई म्हणायच्या. "चिखलात हवा नसते. ओहोटी लागली की ही नाकं उघडी पडतात, तेव्हा ते श्वास घेतं. भरती जेवायला, ओहोटी श्वासाला."

त्यांच्याकडं उपायांचीही खाण होती, आणि एकही इथं चालण्यासारखा नाही. तिवराचा पाला म्हशीला घातला की दूध वाढतं. माझे गुडघे दुखायचे, तर म्हणायच्या, मारांडीची पानं गरम करून बांधा.

"ती कशी असतात?"

"काटेरी पान, निळं फूल. अगदी काठाला."

"कुठल्या काठाला?"

"खाडीच्या."

"मग गुडघा पार्सल करू का?"

आणि गेवा. त्या झाडापासून जपून राहा म्हणायच्या. तोडलं की पांढरा चीक उडतो, डोळ्यात गेला तर माणूस आंधळा. गेव्याचं पान गळायच्या आधी लाल होतं. लातुरात गेवा नाही आणि कधी येणार नाही, पण मला लाल पान दिसलं की अजून मी चेहरा बाजूला घेतो.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो, ज्या उन्हाळ्यात टँकर आठवड्यानं यायचा. गल्लीत गिरणीवाली शकुंतला आहे. दिवसभर पिठाच्या गिरणीच्या आवाजावर बोलून तिचा गळा तसाच झालेला. टँकरच्या रांगेत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आमाला पेयाला न्हाई, अन् ही मावशी समुद्र पाळून राहिली!"

बायका हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. एक-दोघींनी घागरी खाली ठेवल्या आणि कमरेवर हात घेतले. बाई पुढं झाल्या. शकुंतलेचं मनगट धरून तिला अंगणात नेलं, टाकीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि तिच्या तोंडाशी धरलं.

"पी गो."

शकुंतलेनं ओठ लावले आणि थुंकली. "अगं आई! निसतं मीठ!"

"घे, भर घागर. सगळं ने."

मग बाईंनी बूच काढून दाखवलं. तेच पाणी खाली, तेच वर. उन्हानं आटेल तेवढंच नवं टाकायचं, ते बाईंच्या वाटणीच्या घागरीतलं. त्या वाटणीत त्या स्वतः अंघोळ कशी करायच्या, हे मी विचारलं नाही. शकुंतलेनं ते विचारलं. उत्तर ऐकून तिनं गिरणीचा गळा खाली आणला, आणि तसा तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाताना बाईंनी तिला तिवराचं पान चाटायला लावलं. नंतर गल्लीतल्या सगळ्या पोरींना तो नादच लागला. भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायच्या, जा गं, मावशीचं झाड चाटून ये.

मी पान चाटलं नाही. मला कुणी काही करायला लावलेलं चालत नाही. पण बाई घरात गेल्यावर चाटलं. खारट होतं.

पुढं झाड माझ्या छातीला लागलं. आणि एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला फुलं आली. मोहरीएवढी, पिवळीनारिंगी, मधासारखा वास. बाईंनी मला बोलावलं, दाखवलं, आणि ओट्यावर बसून राहिल्या. पावसाळ्यात बी पिकेल, म्हणाल्या. चपटं, वालाच्या दाण्यापेक्षा मोठं. पाण्यात पडलं की साल सोडतं आणि दोन पानं उघडतं. मग त्या एसटीनं जाणार. खिडकीची जागा मिळाली तर बरं, मांडीवर डबा धरायचा म्हणजे.

"मीही येतो," मी म्हणालो. "बूच उघडायला मिस्तरी लागेल."

"तिथं बूच नसतं, मिस्तरी. तिथं ते काम चंद्र करतो."

त्यानंतर माझ्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू. माझीही पोरगी नांदेडलाच दिलेली, तिनं तिथल्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करून हिरवी पट्टी बांधून मी तिच्याकडं पडून होतो, तर कळलं की खाडीबाई अंगणात घसरून पडल्या. बादली वर नेताना. मांडीचं हाड मोडलं. लातुरातच ऑपरेशन झालं आणि मुलीनं त्यांना उचलून नांदेडला आणलं. गोदावरीच्या बाजूला तिचं घर. मी जावयाच्या गाडीवर मागं बसून भेटायला गेलो.

बाई खाटेवर. मला पाहून म्हणाल्या, "काय मिस्तरी, गेवा तोडलात की काय?"

मी हसलो, पण त्या हसत नव्हत्या. हातात फोन होता. पलीकडं शकुंतला. बाईंनी फोन मोठ्यावर केला.

"काळजीच करू नका मावशी," गिरणीचा गळा सगळ्या खोलीत घुमला. "तुमची वरची टाकी कोरडी पडली होती बघा. आमी बघितलं अन् जीवच गेला. मावशी दवाखान्यात अन् झाड तहानेलं! आता गल्लीतल्या बाया रोज एकेक घागर टाकून राहिल्या. काठोकाठ हाय!"

"शकू, ऐक. काठोकाठ नको गो. बूच काढ. पाणी सोड खाली."

"बघा, अजून आमच्या घोटाचीच काळजी!"

"घोटाची नाही. त्याचा जीव जाईल. त्याची नाकं बुडलीत."

"तुम्ही नका ओ जीवाला लावून घेऊ. आमी उपाशी न्हाई मरत एका घागरीनं. तुम्ही आमच्यासाठी का कमी केलंय?"

"शकू, मी सांगत्ये तसं कर. सोड ते पाणी."

"लातुरात गोडं पाणी त्या खालच्या खाऱ्यात सोडून द्यायचं? उन्हाळ्यात? मावशी, भूल उतरली न्हाई वाटतं अजून!"

मी फोन हातात घेतला. "शकुंतले, मी मिस्तरी बोलतो. बूच काढ."

"मामा, तुमचं ऑपरेशन डोळ्याचं झालं का डोक्याचं?" आणि तिकडं आणखी दोघी-तिघी हसल्या.

बाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, "बरं गो. सगळ्या बऱ्या आहात ना?" आणि ठेवला.

माझा संताप झाला. मी म्हणालो, आत्ता निघतो, जाऊन बूच उपटतो. माझी पोरगी, त्यांची मुलगी, दोघी आडव्या आल्या. डोळ्याला धूळ लागली तर डोळा जाईल. मला कुणी अडवलेलं चालत नाही, पण पट्टीखालून मला बसचा फलकही वाचता येत नव्हता. बाई भिंतीवरचं कालनिर्णय बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांचं तरी काय चुकलं? जन्मभर त्यांनी एकच पाहिलंय, झाड पाण्यावाचून मरतं. पाण्यानं मरतं, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं, तर त्यांना वाटलं मी भीड धरते."

मुलीनं एकदा त्यांना गोदावरीच्या घाटावर नेलं, चाकाच्या खुर्चीतून. मीही होतो. नदी आपली संथ. बाई बराच वेळ पायरीकडं बघत बसल्या. ओली पायरी तेवढीच ओली राहिली. "चला," म्हणाल्या, "ही कुठं येत-जात नाही."

डॉक्टरांनी प्रवासाला सोडलं तेव्हा आम्ही दोघं एकाच जीपनं लातूरला आलो. वाटेत बाईंनी पाणी मागितलं नाही.

आता बाई नाहीत. त्याच पावसाळ्यात गेल्या, झोपेत. मुलीनं घर भाड्यानं दिलं. टाक्या आहेत, त्यात भाडेकरू शेणखत साठवतो. अजून गळत नाहीत. शकुंतला म्हणते, मावशी जाणार हे झाडाला आधीच कळलं होतं, म्हणून ते वाळलं. मी ऐकून घेतो.

मला बाई आठवतात त्या जीपमधून उतरतानाच्या. गल्लीतल्या सगळ्या बायका दारात. कुणी भाकरतुकडा ओवाळला. टाकीच्या काठाला हळदकुंकू लावलेलं. पाणी असं भरलेलं की वर आभाळ दिसत होतं, आणि त्या आभाळात पिवळी पानं तरंगत होती. फूल एकही नव्हतं. मी ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं वाकून पाहिलं. सगळ्या पेन्सिली खाली, पाण्याच्या तळाशी, काळ्या आणि मऊ.

"बघा मावशी," शकुंतला म्हणाली, "एक दिवस कमी होऊ दिलं न्हाई. आमची पोरं ओलं फडकं फिरवून शाळेत गेली, पण तुमची टाकी भरली."

माझा हात बुचाकडं गेला. बाईंनी काठी माझ्या मनगटावर टेकवली. जोर नव्हता तिच्यात. पण मी हात काढला.

"किती जपलंत गो," बाई म्हणाल्या.

शकुंतलेचे डोळे भरले. तिनं झाडाकडं पाहिलं, पडलेली पानं पाहिली आणि तोंड पडलं. "तरी पानं गळून राहिली बघा. कमी पडलं जणू." ती पळत गेली आणि दारातली तिची घागर कमरेवर घेऊन आली. त्या दिवशी टँकर आला नव्हता. तिच्या घरात ती एवढीच होती.

मी बाईंच्या तोंडाकडं पाहिलं. त्या काठीवर एक हात ठेवून पुढं सरकल्या, दुसऱ्या हातानं तिवराची वाकलेली फांदी बाजूला धरली, आणि म्हणाल्या,

"ओत गो. मुळाशी ओत."